नेट सगळ्यांना, फक्त त्या एकाला नाही

पत्र नंदगडहून आलंय. जरा लांब होतं, कामापुरतं देतो.

"सर, नंदगडात आमचं छोटं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, सोसायटीच्या पावत्या, मराठी-कन्नड दोन्ही करतो. नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी. दुपार व्हायच्या आत संपतोय. मी पत्रिका लावते तो प्रोग्रॅम उघडला की आपला आपण काहीतरी डाउनलोड करत बसतोय. दिवाळीनंतर त्यानं स्वतःच अपडेट करून घेतलं आणि जुन्या फायली उघडल्या तर रफार एकीकडं, अक्षर एकीकडं. कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे अक्षराखाली लागणारी जोडाक्षरं, तर गायबच. घाईत ध्यानात आलं नाही, ३०० पत्रिकांवर 'आशीर्वाद'चं 'आशीवाद' छापून गेलं. कागद आमच्या अंगावर पडला. मुलगा म्हणतो, तो प्रोग्रॅम चालू असेपर्यंत नेटच बंद ठेव. तसं केलं तर गिऱ्हाईक समोर उभं राहून म्हणतं, 'फोटो पाठवलोय की, आला नाही काय?' शेजारचे म्हणाले, चोरीचं सॉफ्टवेअर असलेलेच असलं करतात. आमचं विकतचं आहे, बिल आहे. एकाच प्रोग्रॅमचं नेट तोडता येतं काय? विंडोज ११ आहे. कोपऱ्यात एक जुना विंडोज ७ पण पडून आहे."

ताई, येतं. त्यासाठी काही विकत घ्यायला नको, डाउनलोडही करायला नको. तुमच्या विंडोजमध्ये फायरवॉल आहे, तीच हे काम करते. तिच्याबद्दल बहुतेकांचा एक गैरसमज असतो, आधी तो काढू. फायरवॉल म्हटलं की लोकांना वाटतं दारावर राखणदार बसलाय, आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला हटकतोय. तसं नाही. विंडोजची फायरवॉल बाहेरून आत येऊ बघणाऱ्याला अडवते. आतून बाहेर जाणाऱ्याला मात्र, तुम्ही वेगळं सांगितल्याशिवाय, विचारत सुद्धा नाही. विंडोज एक्सपीच्या काळात तर तिला बाहेर जाणारं अडवताच येत नव्हतं. ती सोय व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आली. तेव्हापासून ती प्रत्येक मशीनमध्ये आहे आणि बहुतेकांनी ती खिडकी एकदाही उघडलेली नाही.

पण ती उघडायच्या आधी, डेटा खातो तो हाच प्रोग्रॅम आहे याची खात्री करा. तुमचा संशय अर्धा बरोबर असेल, पूर्ण असेलच असं नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, त्यात डेटा युसेज. कुठल्या ॲपनं किती खाल्लं ते तिथं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं दिसतं. शहापुरातल्या एका प्रेसमध्ये मालक महिनाभर डिझाइनच्या प्रोग्रॅमला शिव्या घालत होते. यादी उघडली तर सगळ्यात वर ब्राउझर, त्याच्याखाली 'सिस्टिम', म्हणजे विंडोजचे स्वतःचे अपडेट. ज्याच्यावर आळ होता तो पाचवा. तुमच्याकडंही 'सिस्टिम' वर दिसलं तर एक वेगळी गोष्ट करा: वाय-फायमध्ये जोडलेल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. त्यानं विंडोजला कळतं की इथं नेट मोजून मिळतं, आणि तो मोठे डाउनलोड मागं ठेवतो. ही खूण प्रत्येक हॉटस्पॉटला वेगळी करावी लागते. तुमच्या मोबाईलला केली आणि संध्याकाळी मुलाच्या मोबाईलवरून नेट घेतलं, तर मुलाचा दीड जीबी जाईल.

आणि त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या प्रेफरन्सेसमध्ये 'चेक फॉर अपडेट्स' अशी टिकमार्क असेल तर ती आधी काढून बघा. साधा उपाय लागू पडत असेल तर फायरवॉलपर्यंत जायचं कशाला. पण ही टिक काढूनही काही प्रोग्रॅम गुपचूप नेटवर जातातच. तुमचा तसलाच असावा असं पत्रावरून वाटतंय.

आता मूळ काम. यात एकच गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यामागून येतं. फायरवॉल प्रोग्रॅमचं नाव ओळखत नाही, फाइल ओळखते. डेस्कटॉपवरच्या चित्राशी तिला देणंघेणं नाही. 'सी ड्राइव्हमधल्या अमुक फोल्डरातली तमुक डॉट ईएक्सई बाहेर जायची नाही', एवढंच तिला कळतं. लोक चुकतात ते इथंच. ज्या चित्रावर क्लिक करतो त्याला बंद करतात, आणि डाउनलोड करणारी फाइल दुसरीच असते.

म्हणून आधी फाइल शोधा. प्रोग्रॅम चालू करा, काहीतरी डाउनलोड होतंय असं वाटू द्या. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडा आणि नेटवर्कच्या टॅबवर जा. वरच्या चौकटीत त्या क्षणी नेटवर बोलणाऱ्या प्रत्येक फाइलचं नाव येतं, पुढं पाठवलेलं किती, घेतलेलं किती. दोन मिनिटं नुसतं बघत बसा. तुमच्या प्रोग्रॅमच्या नावाची एक फाइल दिसेल, आणि बहुतेक तिच्या जोडीला 'अपडेटर', 'अपडेट सर्व्हिस', 'हेल्पर' असल्या शेपटीची दुसरी एखादी. वहीत दोन्ही नावं उतरून घ्या. मग टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ते नाव शोधा, त्यावर उजवी क्लिक करा, 'ओपन फाइल लोकेशन'. फोल्डर उघडेल. वरच्या पट्टीतला पत्ता पण वहीत घ्या, पुढं लागतो.

त्या यादीत 'एसव्हीसीहोस्ट' नावाची फाइल भरपूर वेळा दिसेल आणि तिचे आकडेही मोठे असतील. तिला हात लावू नका. ती विंडोजची हमाल आहे, वेबसाइटचा पत्ता शोधण्यापासून अपडेट आणण्यापर्यंत दहा जणांचं ओझं तीच वाहते. तिला अडवलं तर सगळ्या दुकानाचं नेट बसेल, आणि तुम्ही मलाच शिव्या द्याल.

फाइली सापडल्या की पाच मिनिटांचं काम. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा. छोट्या चौकटीत इंग्रजी लहान अक्षरांत डब्ल्यू, एफ, टिंब, एम, एस, सी असं सलग लिहा, एंटर. ॲडमिनचा पासवर्ड मागेल तर द्या. डावीकडं दोन नावं दिसतील, इनबाउंड रूल्स आणि आउटबाउंड रूल्स. आपल्याला आउटबाउंड. चुकून इनबाउंडमध्ये नियम केला तर सगळं नीट झाल्यासारखं वाटतं आणि काहीच होत नाही, कारण तुमचा प्रोग्रॅम आतून बाहेर जातो, बाहेरून आत येत नाही. ही चूक मी स्वतः दोनदा केलीय.

आउटबाउंडवर क्लिक केलं की उजवीकडं 'न्यू रूल'. पहिल्या पानावर 'प्रोग्रॅम' निवडा, नेक्स्ट. दुसऱ्यावर 'धिस प्रोग्रॅम पाथ', तिथं ब्राउज करून ती ईएक्सई दाखवा. इथं एक खड्डा आहे. फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असेल तर काही अडचण नाही. पण हल्ली पुष्कळ प्रोग्रॅम 'युजर्स'च्या आत 'ॲपडेटा' नावाच्या लपलेल्या फोल्डरात बसतात. तसली फाइल ब्राउज करून दाखवली की चौकटीतला पत्ता कधी कधी आपोआप टक्क्याच्या खुणांत आखडून जातो, 'टक्का युजरप्रोफाइल टक्का' अशा धाटणीचा. तो तसाच ठेवला तर नियम लागू होत नाही. फायरवॉल तुमच्या नावानं लॉगिन करून चालत नाही ना, मग 'माझं घर' म्हटलं तर तिला कळणार कसं कोणाचं घर? वहीतला पूर्ण पत्ता तिथं टाइप करा, सी आणि कोलनपासून सुरू होणारा.

तिसऱ्या पानावर 'ब्लॉक द कनेक्शन'. चौथ्यावर डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक अशा तीन चौकटी असतात, तिन्हीला टिक राहू द्या. कुणीतरी तुम्हाला सांगेल की घरचं नेट म्हणजे प्रायव्हेट, तेवढंच पुरे. तुमच्यासारखीला ते चालणार नाही. तुमचा हॉटस्पॉट एक दिवस तुमचा, एक दिवस मुलाचा, पावसाळ्यात रेंज गेली की शेजारच्यांचा. नवीन हॉटस्पॉट जोडला की विंडोज बहुधा त्याला पब्लिक धरतो. टिक फक्त प्रायव्हेटला असेल तर त्या दिवशी नियम झोपलेला, आणि प्रोग्रॅम जागा.

शेवटच्या पानावर नाव. इथं 'टेस्ट' किंवा '१२३' लिहू नका. वर्षानं ती यादी उघडली तर शेकड्यानं नियम असतात, त्यात तुमचा सापडायला पाहिजे. नावाच्या सुरुवातीला इंग्रजीतले दोन ए लिहा, यादी नावानं लावली की तुमचे नियम सगळ्यात वर येतील. फिनिश. यादीत लाल खुणेसकट नियम दिसेल. अपडेटरच्या फाइलसाठी हेच परत, वेगळा नियम. मग प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

एवढं करून शांत बसू नका, तपासा. प्रोग्रॅममधून हातानं 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' अशा अर्थाचं काहीतरी आलं आणि त्याच वेळी ब्राउझरमध्ये एखादं पान उघडलं, तर जमलं. दोन्ही बंद झालं तर तुम्ही चुकीची फाइल अडवलीय, नियम काढा. आणि प्रोग्रॅम अजून मजेत नेटवर जात असेल तर दोन शक्यता आहेत. पहिली, तिसरी कुठलीतरी फाइल राहिली. दुसरी जास्त दिसते: मशीनमध्ये विकतचा अँटिव्हायरस आहे आणि त्यानं स्वतःची फायरवॉल लावून विंडोजची बाजूला बसवलीय. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' उघडा. तिथं दुसऱ्याचं नाव दिसलं तर तुम्ही केलेले नियम कागदावरच राहिले. मग हाच नियम त्या अँटिव्हायरसच्या आत करावा लागेल. प्रत्येकाचा मेनू वेगळा, पण 'ॲप्लिकेशन रूल' किंवा 'प्रोग्रॅम कंट्रोल' अशा नावाखाली मिळतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर दोन-तीन महिन्यांनी पत्र येईल. काही प्रोग्रॅम प्रत्येक आवृत्तीला नवा फोल्डर करतात, फोल्डराच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. कधी काळी अपडेट झालंच, तर फाइल नव्या पत्त्यावर गेली आणि तुमचा नियम जुन्या, रिकाम्या घरावर पहारा देत राहिला. म्हणूनच अपडेटरला अडवणं हे मुख्य प्रोग्रॅमला अडवण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

शेजारच्यांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नका, पण ते उगाच बोलले असंही नाही. फुकटातलं तोडलेलं सॉफ्टवेअर वापरणारे कंपनीला पत्ता लागू नये म्हणून हेच करतात. त्यांना मी मदत करत नाही, आणि ते मला पत्रही लिहीत नाहीत. तुमचं बिल आहे. पण विकतच्याला वेगळी अडचण असते: तुमचं लायसन्स महिन्याचं किंवा वर्षाचं असेल तर प्रोग्रॅम अधूनमधून कंपनीला विचारून घेतो, 'या बाईंनी पैसे भरलेत ना?' नेट तोडलं की तो विचारू शकत नाही, आणि एक दिवस ऐन लग्नसराईत उघडायलाच नकार देतो. तेव्हा नियम पुसून टाकू नका. त्यावर उजवी क्लिक, 'डिसेबल रूल'. लायसन्सची खात्री होऊ दे, मग परत 'एनेबल रूल'. मधल्या वेळात अपडेटरचा नियम चालूच ठेवा. दोन वेगळे नियम करायला सांगितले ते याच्यासाठी. एकदा पैसे देऊन कायमचं घेतलेलं असेल तर हा घोळ बहुतेक होत नाही.

आता 'आशीवाद'बद्दल. खरं दुखणं मला तिथंच दिसतंय. नेट तोडून पुढचं अपडेट थांबेल, झालेलं परत फिरणार नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो; जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये रफार म्हणजे रफार नसतो, कुठल्यातरी इंग्रजी चिन्हाच्या जागेवर रफाराचं चित्र बसवलेलं असतं. मशीनच्या लेखी ते चिन्हच. प्रोग्रॅमनं मजकूर हाताळायची पद्धत बदलली की असली अडगळीतली चिन्हं तो गाळतो किंवा सरकवतो, आणि आपल्याला वाटतं फॉन्ट बिघडला. कन्नडच्या ओत्तक्षरांचं तेच. म्हणून जुनी आवृत्ती परत टाकता येत असेल तर आधी ती टाका, चालू करायच्या आधीच दोन्ही नियम करा, आणि मग फायली उघडून बघा. इन्स्टॉलरची फाइल आणि सगळे फॉन्ट एका पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. कपाटात म्हणतोय, सीपीयूला लावून नव्हे.

आणि छपाईला जाणारी प्रत्येक पत्रिका कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्र करूनच, पाठवत जा. मूळ फाइल मजकुरासकट वेगळी, कर्व्ह केलेली वेगळी. अक्षराचं चित्र झालं की त्याला फॉन्टही लागत नाही, अपडेटही बिघडवू शकत नाही. मात्र कर्व्ह करायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचा, नाहीतर चूकही कायमची होते. २०२४ साली कर्नाटकात पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा कायदा झाल्यावर तुमच्या-आमच्याकडं बोर्डांच्या फायलींचा ढीग पडला असेल, तोही याच पद्धतीनं लावून टाका. त्या फायली परत परत उघडाव्या लागणार.

कोपऱ्यातल्या विंडोज ७ बद्दल वेगळं सांगतो. त्याचे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. त्यावरही हीच फायरवॉल आहे, हाच नियम जसाच्या तसा होतो. पण त्या मशीनला एकेक प्रोग्रॅम अडवत बसायचं काही कारण नाही. वायर काढा, वाय-फायचा काटा असेल तर तोही काढा, आणि फक्त जुन्या फॉन्टच्या फायली उघडायला ते ठेवा. मुलाचं 'नेटच बंद ठेव' हे म्हणणं या मशीनपुरतं शंभर टक्के बरोबर आहे. पेनड्राइव्ह दोन्हीकडं फिरवाल तेव्हा विंडोज ११ वर स्कॅन करून घ्या, एवढंच.

कुणी 'होस्ट्स' फाइल बदलायला सांगेल. त्यानं प्रोग्रॅम अडत नाही, वेबसाइटचं नाव अडतं, आणि ते सगळ्या मशीनला. कंपनीनं सर्व्हरचं नाव बदललं की परत पहिले पाढे पंचावन्न. कुणी 'सिंपलवॉल', 'टायनीवॉल' असली फुकट मिळणारी साधनं सुचवेल. ती वाईट नाहीत, उलट ज्याला पाच-पन्नास प्रोग्रॅम सांभाळायचेत त्याला सोयीची. पण ती सुरुवातीला बहुतेक सगळ्यांनाच अडवतात आणि तुम्हाला एकेकाला परवानगी देत बसावं लागतं. समोर लाईटबिल भरायला माणूस उभा असताना हे करायला वेळ कुणाला आहे? एका प्रोग्रॅमसाठी नको. मॅकवाल्यांनी मात्र लक्षात ठेवावं की मॅकची स्वतःची फायरवॉल फक्त आत येणारं बघते. बाहेर जाणारं अडवायला 'लुलू' नावाचं फुकट साधन आहे. लिनक्सवर 'फायरजेल'नं प्रोग्रॅम नेटशिवाय चालू करता येतो.

एक मर्यादा आहे ती मान्य करून चला. हा नियम त्या ईएक्सईला अडवतो, तिनं दुसऱ्याला पाठवलं तर त्याला नाही. प्रोग्रॅममधल्या 'हेल्प'वर क्लिक केलं आणि ब्राउझरमध्ये पान उघडलं, तर ते नेट ब्राउझरचं आहे, तुमचा नियम मोडलेला नाही. आणि एखाद्या प्रोग्रॅमवर विश्वासच नसेल, माहिती चोरतोय असा संशय असेल, तर त्याला फायरवॉलनं बांधून घरात ठेवू नका, अनइन्स्टॉल करा.

नियमांची दोन्ही नावं आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या मागं चिकटवा. तुम्ही गावाला गेलात आणि दुकानात मुलगा बसला तर त्याला कळायला नको का, प्रोग्रॅम 'सर्व्हर सापडत नाही' का म्हणतोय ते.

सगळं करूनही डेटा दुपारी संपत असेल तर परत लिहा, पण सोबत रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबचा फोटो पाठवा. मोबाईलनं काढलेला चालेल. फाइलच्या नावाचा रकाना आधी माऊसनं ओढून रुंद करा म्हणजे नाव पुरतं दिसेल, आणि फोटोत मागं उघडी असलेली गिऱ्हाइकाची पत्रिका येऊ देऊ नका.